झेंडू वाहिलेली फेसशील्ड

दसऱ्याला सोनं द्यायला मामेभावाच्या कारखान्यात गेले. कारखाना हा शब्द कौतुकाचा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला, यंत्रमागांच्या खडखडाटात दबलेली पत्र्याची एक लांबट शेड, आत लाकूड फिरवून कातायच्या दोन लेथ, एक बँडसॉ आणि जागा मिळेल तिथे लाकूड. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झालेली. मोटारीला हार, लाकूड पकडणाऱ्या चकला हार, पटाश्या पाटावर लहानमोठ्या ओळीने मांडून प्रत्येकीच्या मुठीला हळदकुंकवाची बोटं, बँडसॉच्या पात्याला लांबूनच टाकल्यासारखं एक फूल. नारळाच्या पाण्याने भिजलेल्या भुशाला आंबूस वास सुटला होता. भिंतीवर खिळ्याला फेसशील्ड लटकत होती. वेल्डरची काळी नव्हे, पारदर्शक, हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारी. गेल्या भाऊबीजेला मीच दिली होती. तिच्याही पट्ट्यात झेंडू खोवलेला, मधोमध कुंकवाचा ठिपका. बरं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर कुंकू शील्डला लागलेलंच नव्हतं. नव्या वस्तूवर जी पातळ प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते, ती अजून तशीच होती. एक कोपरा सुटून वर वळलेला, आणि त्या वळणात वर्षभराचा भुसा.

"पूजेत आहे की अक्का," भाऊ हसत म्हणाला, "अजून काय पाहिजे?"

आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवून, पेढा खाऊन मी घरी आले, पण ती फिल्म काही डोक्यातून जाईना. त्याने शील्ड फेकून दिली असती, कुणाला देऊन टाकली असती, तर राग येऊन संपला असता. त्याने तिला मान दिला होता. मान द्यायचा आणि वापरायचं नाही, यात आपण तयार माणसं आहोत. आमच्या घरात एक शिलाई मशीन असंच वर्षानुवर्षं दसऱ्यापुरतं बाहेर निघायचं.

आमच्या आजोळी कातकाम आजोबांपासूनचं. आजोबांची लेथ मी पाहिलेली नाही, मामाच्या तोंडून ऐकलेली. समोर बसलेला गडी दोर ओढायचा, लाकूड एकदा पुढे फिरायचं, एकदा मागे. पुढच्या फेऱ्यात पटाशी टेकवायची, मागच्या फेऱ्यात उचलायची. आजोबा जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्याने हत्याराला आधार द्यायचे. त्यात एखादा ठोकळा निसटलाच तर मांडीवर पडायचा, फार तर शिवी खायचा. उघड्या अंगाने काम करण्यात काहीच वावगं नव्हतं. पुढे मामाने मोटार बसवली. माणूस उभा राहिला, लाकूड एकाच दिशेला आणि न थांबता फिरू लागलं, पण अंगावरचे कपडे आजोबांच्याच काळातले राहिले. बनियन, लुंगी, कानावर पेन्सिल. मामा मागवाल्यांच्या लाकडी कांड्या कातायचा, पटाश्यांच्या मुठी, पाळण्याचे खांब, आणि संक्रांतीच्या आधी गड्ड्याच्या जत्रेसाठी पोत्याने लाटणी आणि भोवरे. सुट्टीत आम्ही पोरं शेडच्या दारात बसून भुशातल्या लांब वेटोळ्या गोळा करायचो. ओल्या लाकडाच्या वेटोळ्या हाताला गार लागतात आणि कानात अडकवल्या की डूल होतात. संध्याकाळी मामाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मामी त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून टॉवेलने झटकायची. मग तो चूळ भरायचा, आणि ते पाणी तांबूस असायचं. शिसव असली की जास्त तांबूस.

त्याच्या डोळ्यात काही गेलं की मामी पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि डोळ्याला लावायची. आमच्या आजोळची सुरक्षा ती एवढी.

मामा शेवटी फार खोकायचा. तो विडीही ओढायचा, त्यामुळे लाकडाने किती आणि विडीने किती, हा हिशेब कुणी केला नाही. आजही मी तो करणार नाही. पण खोकल्याची ती उबळ मला अजून ऐकू येते, आणि भावाच्या घशात तसं काही खवखवलं की माझे कान आपोआप टवकारतात.

भावाचं काम मामाच्या कामासारखं राहिलेलं नाही, हे मला उशिरा कळलं. कांड्या प्लास्टिकच्या झाल्या, पाळण्याचे खांब रेडिमेड आले. लाटणी आहेत, पण त्यात सुटतं किती? गेली काही वर्षं पुण्या-मुंबईच्या लोकांना लाकडी काठवटी हव्या असतात. ज्यांच्या आज्यांनी काठवट माळ्यावर टाकून स्टीलची परात आणली, त्यांच्या नाती आता काठवटीत सॅलड ठेवून फोटो काढतात. चांगलं आहे, मला तक्रार नाही, बिलं मीच टाइप करून देते. पण लाटणं आणि काठवट या लेथवरच्या दोन वेगळ्या जाती आहेत. दीड इंच जाडीचं लाटणं मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असलं तरी त्याचा पृष्ठभाग ताशी साधारण १८ किलोमीटरने पळतो. एक फूट व्यासाची काठवट हजारच फेरे घेत असली तरी तिची कड ताशी ५७ किलोमीटरने जाते. शिवाय लाटण्यात लाकडाची नस लांबीला धरून असते, तुटलं तरी दोन टोकांमध्ये अडकून राहतं. काठवटीत नस आडवी. पटाशीला प्रत्येक फेऱ्यात दोनदा कडक बाजू आणि दोनदा मऊ बाजू भेटते. पटाशी जरा खोल रुतली, किंवा आत आधीच एखादी चीर असली, तर चार-पाच किलोचा ठोकळा चक सोडतो किंवा मधोमध फाटतो. आणि तो पडत नाही, फेकला जातो.

चीर तरी शोधता येते, खिळा कसा शोधणार? सोलापुरात रस्त्याकडेचा कडुलिंब पाडला की त्याच्या बुंध्यात काय काय निघेल याचा नेम नाही. झाडावर कुणी क्लासची पाटी ठोकतो, कुणी भाड्याच्या खोलीची, कुणी मूळव्याधीच्या औषधाची. पाटी गळून जाते, खिळा राहतो, वर साल येते, सालीवर वर्षं चढतात. दसऱ्यानंतर दिवाळीच्या ऑर्डरची घाई सुरू असताना असाच एक लिंबाचा ठोकळा भावाने चढवला होता. मी दाराशी बसून पत्ते लिहीत होते. पटाशीचा आवाज एकसारखा चालू होता, सुरसुर, आणि मधेच टक् असा एक कोरडा आवाज. पुढचा आवाज पत्र्यावरून आला. ठोकळ्याची एक फाक, हाताच्या पंजाएवढी, छताला लागून पलीकडच्या लेथमागे पडली. भाऊ जागच्या जागी होता, हातात पटाशी, पटाशीच्या धारेला एक खाच. कुणाला काही झालं नाही. छताला मात्र आतून पोचा आला, आणि तो बरोबर भावाच्या डोक्याच्या वरच्या रेषेत आहे. फिरतं लाकूड फाटलं की फाक फिरण्याच्याच पातळीत सुटते. म्हणून जाणते लोक स्विच दाबताना ठोकळ्याच्या समोर उभे राहत नाहीत, एका अंगाला होतात. आधी हाताने एक फेरा देऊन बघतात, वेग सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करतात. हे भावाला माहीत होतं, त्याने केलंही होतं. पण सुरू झाल्यावर काम करायला समोर यावंच लागतं, आणि तिथे चेहऱ्यासमोर हवेशिवाय काही नव्हतं.

शील्ड खिळ्यावर होती. झेंडू एव्हाना वाळला होता.

त्या दिवशी आमचं भांडण झालं. त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण ते सगळं खोटं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याखाली त्याहून वर. शील्डच्या आत श्वासाची वाफ धरते, घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो, पुसायला हात आत जात नाही. आवाज वेगळा ऐकू येतो, आणि कातारी निम्मं काम कानाने करतो. पटाशी बोथट झाली, ठोकळा हलतोय, हे आधी कानाला कळतं. शील्डला दोन महिन्यांत इतके चरे पडतात की धुक्यातून बघितल्यासारखं होतं. हे सगळं मान्य. पण मग त्याने ते वाक्य काढलं, जे काढू नये अशी माझी इच्छा होती. "अक्का, तीस वर्षं झाली मला. हे नवीन पोरांसाठी असतंय."

या अनुभवाच्या दाखल्याचा मला खरंच वैताग आहे. अनुभव हाताला असतो. लिंबाच्या पोटातल्या खिळ्याला त्याची काय कल्पना? उलट नवखा पोरगा दिवसातून तासभर लेथवर उभा राहतो, भाऊ आठ तास. लॉटरीची जास्त तिकिटं त्याच्याच खिशात. तरी मला हेही दिसत होतं की तो बेफिकीर नाही. शील्ड घालणं त्याला कौशल्यात खोट काढल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक आलं आणि तोंड झाकलेला दिसला, तर याला काही येत नाही असं वाटेल, ही त्याची खरी अडचण. मामा उघड्या तोंडाने कातायचा. त्या तोंडाशी त्याची स्पर्धा आहे.

मधे आयटीआय झालेला एक पोरगा कामाला आला. पहिल्याच दिवशी स्वतःचा गॉगल, शील्ड आणि हातमोजे घेऊन. शील्ड लावून उभा राहिला तेव्हा मी मनात म्हटलं, बघ जरा. पण त्याने हातमोजे चढवले आणि भाऊ शेडच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडत आला. "काढ ते! बोट ठेवायचंय का घरी न्यायचंय?" तो बरोबर होता. फिरत्या लाकडाने हातमोज्याचं टोक पकडलं तर ते नुसता मोजा ओढत नाही, मोज्याबरोबर हात ओढतं. उघडं बोट घासतं, सोलतं, पण बहुतेक वेळा सुटतं. म्हणून लेथवर काय घालायचं याच्याइतकंच काय घालायचं नाही हेही महत्त्वाचं, आणि त्यात भाऊ कुणालाही शिकवेल. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर. मनगटात जत्रेचा गंडा नाही, अंगठी नाही, गळ्यात मोकळी साखळी नाही. आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग उतरवायचं नसतं. तो शिवदारा आखूड करून लिंग बनियनच्या आत घेतो आणि वरून ॲप्रनचा बंद पाठीमागे बांधतो, पुढे नाही. कुणी बाई शेडमध्ये आली तर तिला आधी पदर खोचायला लावतो, मग नमस्कार. पॉलिश लावताना कापडाचा बोळा कधी वापरत नाही, वर्तमानपत्राचा कागद घेतो, कारण कागद अडकला तर फाटतो. चन्नपट्टणचे खेळणीवाले लाखेवर चकाकी आणायला केवड्याचं वाळलेलं पान धरतात असं वाचलं, तेव्हा मला हेच आठवलं. पान बोट धरून ठेवत नाही.

म्हणजे बघा, आमच्या शेडमध्ये दोन अर्धी शहाणपणं समोरासमोर उभी होती. एकाला तुकड्यापासून चेहरा वाचवायचं ठाऊक, दुसऱ्याला लेथपासून हात. भाऊ मोज्यावरून पोराला आठवडाभर चिडवत राहिला, पण त्याच्या शील्डवरून एकदाही नाही. एवढं मी टिपून ठेवलं.

तुकड्याचं भय तरी दाखवता येतं, पोच्याकडे बोट करून. धुळीचं काय करायचं? दुपारी चारच्या सुमाराला शेडच्या पश्चिमेच्या पत्र्यातल्या भोकातून उन्हाची एक सळई आत येते. पटाशी चालू असते तेव्हा तिच्यात फारसं काही दिसत नाही, कारण पटाशीने ढलप्या निघतात आणि ढलप्या खाली पडतात. पॉलिश पेपर सुरू झाला की सळई घट्ट होते, दुधासारखी. मोटार बंद करून चहा आला, चहा पिऊन झाला, तरी ती तशीच असते. जड भुसा झाडूने गोळा होतो. उन्हाच्या सळईत जो तरंगतो तो गोळा होत नाही, तो आपण आत घेतो. लिंबाचा घशात कडू लागतो, शिरीषाने शिंका थांबत नाहीत, शिसवीने कुणाच्या मनगटावर पुरळ उठतं. हे सगळं दिसतं, म्हणून त्याचं एवढं नाही. न दिसणारं जे आहे ते शोधायला इंग्लंडमधल्या हाय विकमसारखं गाव लागलं. ते खुर्च्यांचं गाव. आजूबाजूच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात बसून खुर्चीचे पाय कातणाऱ्यांना तिकडे बॉजर म्हणायचे. १९६० च्या दशकात तिथल्या नाक-कान-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या आतला एरवी क्वचित दिसणारा एक कर्करोग घेऊन येणारी माणसं वारंवार फर्निचरच्या कामातलीच निघतायत. १९६८ साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात नोंदवली. त्याच गटात विडी-सिगारेटचा धूरही आहे. पहिला गट म्हणजे पुराव्याची खात्री, दोन्हींचा धोका सारखा असा त्याचा अर्थ नाही, हे मी भावाला सांगितलं. घाबरवण्यासाठी अर्धं सांगायचं मला आवडत नाही. पण धूळ नाकात जाणं आणि दुखणं उमटणं यात कित्येक दशकं जाऊ शकतात, हेही सांगितलं. तो गप्प बसला. मामाच्या तांबूस चुळा त्यालाही आठवल्या असतील.

धुळीचं आम्हा सोलापूरकरांना काही वाटत नाही, हेही खरं. हे शहर धुळीवर जगलं. गिरणीत आणि मागावर सुताचे तंतू, घराघरातल्या विडीच्या सुपात तंबाखूची भुकटी. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती भरून येते, हे सूतगिरणीतल्या जुन्या कामगारांचं दुखणं वैद्यकात नाव घेऊन बसलेलं आहे, बिसिनोसिस. विडी वळणाऱ्या बायका नाकाला पदर लावतात. पदराने जाडा कण अडतो, बारीक अडत नाही. कोविडने एक बरं केलं, एन-९५ हा शब्द पानपट्टीपर्यंत पोचवला. साधा निळा मास्क गालाजवळ उघडा असतो, धूळ बाजूने आत येते. एन-९५ चेहऱ्याला चिकटून बसला तर काम करतो, आणि दाढी असली तर चिकटत नाही. भावाने दाढी ठेवली आहे. त्यावर मी अजून काही बोललेले नाही. एका वेळी एक.

कायद्याचंही सांगून झालं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांसाठी कलम ३५ होतं, कण उडत असतील तिथे पडदा किंवा गॉगल द्या म्हणणारं. त्याच्या आधी कलम २२, चालू यंत्राला तेल घालणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असं. वाचून भाऊ म्हणाला, "म्हणजे माझं बनियन मी मला पुरवायचं." दोन माणसांच्या शेडला असला कायदा विचारायला येत नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही.

आता काय चाललंय? फिल्म निघाली. कधी काढली ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काठवट चढवली की तो शील्ड घेतो, लाटण्याला घेत नाही. लाटण्याला किमान गॉगल हवा असं माझं मत आहे, साधा नंबरचा चष्मा नव्हे, कारण बाजूने उडणारी ढलपी चष्म्याला विचारून येत नाही. ते मत सध्या विचाराधीन आहे. पंखा पाठीमागून यायचा तो आता बाजूने लावलाय, धूळ दाराकडे जाते आणि वाफही कमी धरते. उन्हाळ्यात काठवटी पहाटे, लाटणी दुपारी, असं ठरवलंय. पॉलिश पेपरच्या वेळी मास्क असतो, कधी नाकावर, कधी हनुवटीवर. आयटीआयचा पोरगा दिवाळीनंतर चिंचोळीला एका मोठ्या कारखान्यात लागला, त्याची शील्ड मात्र इथेच विसरून गेला. म्हणजे आता दोन आहेत. चरे पडले की बदली तयार.

गेल्या आठवड्यात पुण्याची एक मोठी ऑर्डर आली, काठवटींची. बिल करताना मी भावाला म्हटलं, मास्क आणि शील्डच्या काचेचा खर्च धर, काठवटीमागे दहा रुपये, वेगळी ओळ टाकते, दिसू दे लोकांना. त्याला लाज वाटत होती, तरी टाकली. तासाभरात गिऱ्हाइकाचा फोन. बाई बोलायला गोड होत्या. काठवटीला बबल रॅप तीन थर करा, कोपऱ्यांना थर्माकोल घाला, खोका डबल असू दे, त्याचे काय होतील ते लावा, वाटेत चरासुद्धा पडता कामा नये. फक्त ते 'कारागीर सुरक्षा' म्हणून दहा रुपये कसले, ते तेवढे काढाल का?

मी फोनवर हात ठेवून भावाकडे बघितलं.

"काढ की अक्का," तो म्हणाला, "पॅकिंगमध्ये वीस धर."